घरच्यांचा फोटो

अराद, बहरीन
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय रहिमतुल्लाभाई,

अस्सलामु अलैकुम. आम्ही सगळे खुशाल आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? तुमचा इमाद उद्या इथून दापोलीला यायला निघतोय, त्याच्याबरोबर हलव्याचा डबा पाठवते आहे. तो भाभीचा आहे. तुमची शुगर बघता तुम्ही झाकण उघडून नुसता वास घेतलात तरी पुरे.

माझा फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून कागद घेतला. पुढच्या शुक्रवारी मुहर्रकमध्ये माझी फिल्म दाखवणार आहेत. इमादने तुमचा निरोप दिला: नूरबानोच्या लग्नाचा तुकडा काढून टाक, तिचे सासरचे तिथल्या सनद गावाहून बघायला येतील, बापाची लाज जाईल. भाई, तो तुकडा मी काढणार नाही.

फिल्म मरझूकाखालावर आहे. तुम्ही इथे असताना तिला 'ती काळी बाई' म्हणायचात, नाव कधी घेतलं नाहीत. तिच्या आजोबांना आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून इथे आणलं होतं. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी करायची आणि सुट्टीच्या दिवशी गल्लीतल्या लग्नांत ढोल वाजवणाऱ्या बायकांचं शूटिंग करायची. कॅमेरा धरलेली बाई तोवर त्या गल्लीने पाहिली नव्हती. तिची पहिली फिल्म दाखवली तेव्हा कार्यक्रमपत्रिकेवर तिचं नाव मदतनीस म्हणून छापलं होतं. दिवे लागल्यावर ती उभी राहिली, "फिल्म मेरी है" म्हणाली आणि खाली बसली. पुढे तिच्या अंगणात आम्ही नऊ मुली शिकलो. आज तुमची भाची लाईबा तिच्याच कॅमेऱ्यावर काम करते.

खालाचा एक नियम होता. ज्याचा चेहरा पडद्यावर येणार, त्याला आधी दाखवायचं. तो नको म्हणाला तर चेहरा झाकायचा. घडलेली गोष्ट मात्र काढायची नाही.

आता लग्नाचं. ते लिहायचं टाळत मी इथवर आले.

घरच्यांचा फोटो निघणार होता. खाला माझ्या शेजारी उभी होती, नूरने तिचा हात धरला होता. तुम्ही म्हणालात, "घरचेच राहू देत. फोटो त्या बाईंनाच काढू दे." गेली सहा वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की भाईने तिला बाजूला केलं. पण तुम्ही नुसतं बोललात. तुमचा कॅमेरा तिच्या हातात मी दिला. वर हसून म्हटलं, "खाला, आप ही अच्छा निकालेंगी."

ती म्हणाली, "यल्ला, चलो, सब पास पास आओ." आपण सगळे जवळ सरकलो.

तिचा व्हिडिओ कॅमेरा मागे स्टँडवर चालूच होता. नोव्हेंबरमध्ये ती गेली, तेव्हा तिच्या भाचीने ते सगळं शूटिंग माझ्याकडे दिलं. फोटो काढून ती स्टँडपाशी परत येते, सरळ भिंगात बघते, ओढणी सारखी करते आणि कामाला लागते. जन्मभर दुसऱ्यांना टिपणाऱ्या बाईचं स्वतःचं चित्र एवढंच आहे, अकरा सेकंदांचं. तिने मला याबद्दल कधी एक शब्द विचारला नाही. लग्नानंतरच्या सोमवारी नेहमीसारखं शिकवलं. मला तुमचा राग येतो, त्याहून स्वतःचा जास्त येतो.

नियमाप्रमाणे पेनड्राइव्ह सोबत आहे. तुम्ही आधी बघा. तुमचा चेहरा नको असेल तर इमादकडे तसं सांगा, मी झाकीन. आवाज राहील. नूरला मी फिल्म दाखवली. ती म्हणाली, "फूफी, माझा चेहरा ठेव. सासऱ्यांना मी स्वतः घेऊन येते."

लाईबाने मलाही विचारलं, "मम्मी, तुझा फेस ब्लर करू?" मी नको म्हटलं.

भाभीला सलाम.

तिच्या हातात कॅमेरा देणारी,
तुमची धाकटी बहीण
मसूदा