आईला दिसलेली भिंत

अमरावती, रविवार

आदरणीय इंजिनियरसाहेब धर्मपालजी (मुक्काम जुने शहर, अकोला) यांस थोरल्या बहिणीचा, म्हणजे शकुनचा, सप्रेम जयभीम.

तुझी तब्येत उत्तम असणार, कारण ती बिघडली की तुझा फोन येतो आणि महिनाभर आलेला नाही. माझ्या भावजयीचा, हर्षाचा, खांदा कसा आहे ते कळव. तुला नसेल माहीत तर तिलाच विचारून कळव. इकडे मी बरी, आई बरी, आईची व्हीलचेअर आम्हा दोघींपेक्षा बरी. तिला आठवड्याला चमचाभर तेल दिलं की ती कुरकुरत नाही.

विशेष म्हणजे, तू केलेला तलावाकाठचा बगीचा गेल्या आठवड्यात आईला दाखवून आणला. (ठेकेदार दुसरे, फीत कापणारे तिसरे, पण नकाशा माह्या पोराचा, हे आई भाजीवाल्यालाही सांगते.) तुला ठाऊकच आहे, बहात्तरच्या दुष्काळात हा तलाव खोदला तेव्हा सोळा वर्षांची आपली आई सुंदराबाई तिथं टोपल्यांनी माती वाहत होती. पाऊस येण्याआधीच लग्न होऊन ती तिवशाला गेली, आणि भरलेला तलाव पाहायचा राहिला तो राहिलाच. गुडघे होते तेव्हा वेळ नव्हता, वेळ मिळाला तेव्हा गुडघे गेले. तुझ्या बगीच्यात चाकाची खुर्ची थेट पाण्यापर्यंत जाते हे ऐकल्यापासून तिनं ठेवणीतलं लुगडं उशाशी घेऊन झोपायला सुरुवात केली होती.

तर आम्ही गेलो. मोटारसायकली आत शिरू नयेत म्हणून फाटकात लोखंडी पाइपांचं नागमोडी वळण केलं आहे. आमच्यासमोर एक गृहस्थ गाडी तिरपी करून, मागे बायको आणि पुढे गॅसचं सिलिंडर घेऊन, सुखरूप आत गेले. खुर्ची मात्र पहिल्याच वळणात अडकली. बाजूचं मोठं फाटक उघडा म्हटलं, तर चौकीदार नत्थुजी म्हणाले, ते पाहुण्यांसाठी आहे. पाहुणा ओळखायचा कसा, असं विचारलं तर म्हणाले, "त्याच्या गयात हार रायते ना, बाई." इतका स्पष्ट नियम मी सरकारी कामात प्रथमच ऐकला. समोरच मनकर्णाबाई फुलं विकत बसतात. त्यांच्याकडून झेंडूचा जाडजूड हार घेतला, आईच्या गळ्यात घातला आणि परत आले. नत्थुजींनी (तेच, दोन मिनिटांपूर्वीचे) मोठं फाटक सताड उघडलं, सलाम ठोकला आणि शिट्टी वाजवून लोकांना बाजूला केलं.

रॅम्प तू छान केलास, ते कबूल. बाराला एक का काय तो उतार, जो तू मला फोनवर पाऊण तास समजावलास, तो खरंच सोपा आहे. फक्त स्वच्छ, उन्हातल्या आणि उतरत्या फरशीचं आपल्याकडे जे होतं तेच त्याचं झालंय. पलीकडच्या वस्तीतल्या बायांनी त्यावर कुरड्या वाळत घातल्या आहेत. हार पाहून त्या बिचाऱ्या दचकल्या, पुन्हा उद्घाटन आलं समजून चादरी गोळा करू लागल्या. आईनं त्यांना थांबवलं, एक ओली कुरडई तोंडात टाकली, "मीठ कमी हाये" म्हणाली आणि चिकाच्या घोटण्यावर एक तासिका घेतली. ती संपल्यावर अर्धा रॅम्प मोकळा झाला.

आणि मग तुझा तो पाण्याकाठचा सज्जा. गुळगुळीत फरशी, खुर्ची वळवायला ऐसपैस जागा, आणि पुढे, सुरक्षेसाठी, साडेचार फुटी भिंत. उभ्या माणसाला तिच्यावरून तलाव दिसतो. बसलेल्या माणसाला भिंत दिसते. धर्मपाल, व्हीलचेअरवरचा माणूस बसलेला असतो, एवढं तरी तुमच्या कॉलेजात सांगितलं असेल ना? तू पाचदा पाहणीला आलास म्हणे. पाचही वेळा उभाच.

मी खुर्ची मागे नेली, तिरकी केली, आईच्या खाली माझी पर्स सरकवली. आई मान ताणून ताणून थकली. शेवटी म्हणाली, "पाणी हाये ना पल्याड?" मी म्हटलं, आहे. "लय हाये?" लय आहे. "मंग झालं," म्हणाली, आणि गळ्यातला हार काढून माझ्या हातात दिला, पलीकडे टाक म्हणून. पाण्यात पडल्याचा आवाज झाला, तेव्हा कुठं हसली.

माझा मात्र घरी येईपर्यंत तुझ्यावरचा राग वाढत गेला. तो या पाकिटात मावत नाही, म्हणून लोभच पाठवते आहे.

तुझी,
ताई

ता.क. लोभाबरोबर एक काम. पुढच्या रविवारी ठेकेदाराला घेऊन ये, त्या भिंतीचा खुर्चीएवढा भाग पाड आणि तिथं गज लाव. आधी स्वतः खुर्चीत बसून पाहा.

ता.क. दुसरा. रविवारच्या पुढे ढकलू नकोस. काल आई परत गेली होती. (हार नवा, सलाम तोच.) कुरड्यावाल्या बायांना तिनं सज्ज्यावर बोलावलं आणि भिंतीवर हात फिरवून म्हणाली, "पाहा कशी बांधली माह्या पोरानं. कुठी फट नाई." बायाही तलाव सोडून भिंत पाहत होत्या. येताना आईनं पाण्याचं नावही काढलं नाही.

तेव्हा पाडताना चूक झाली होती असं तिला सांगू नकोस. उद्घाटन आहे म्हण. हार मी आणते.