काही नाही, तडा गेलाय

स्क्वॉमिश,
सप्टेंबर सरत आला

तीर्थरूप ऑर्व्हिलमामांस,

टॅव्हिशचा वाकून नमस्कार. मी खुशाल आहे, म्हणजे हाडं जागच्या जागी आहेत. तुमच्या गुडघ्याचं काय म्हणणं? ग्वेनमामींच्या काकड्यांचं लोणचं यंदा साधलं का आणि तिकडे तुमच्या मूस जॉला दंव पडायला लागलं का, तेही कळवावं. इथे पाऊस धरलाय तो सुटायचं नाव नाही. व्हॅनचं छत नेमकं उशीवर गळतं, म्हणून मी डोकं दाराकडे करून झोपतो, आणि दार नीट लागत नाही म्हणून टोपी घालून झोपतो. फोन करता आला असता. पण फोनवर तुम्ही 'बरं, बरं' म्हणायला लागलात की मी मुद्दा सोडून हवापाण्यावर घसरतो आणि तुम्ही 'ठेवू का' म्हणता. या वेळी मुद्दा आहे. (तो जरा पुढे येईल. आधी सगळं नीट सांगतो.)

तुम्ही करून दिलेली सायकल. तिच्या खालच्या नळीला, जी हॅन्डलपासून पेडलांपर्यंत उतरते तिला, पेडलांच्या जरा वर तडा गेलाय. तुमचा वेल्डिंगचा जोड शाबूत आहे, हे आधी सांगतो. जोड हललासुद्धा नाही, तडा त्याच्या शेजारी गेलाय, आणि त्याला मी एका खडकावरून मारलेली उडी कारण आहे, जी मारू नकोस असं खडकापाशी पाटीवर लिहिलेलंही होतं. (पाटी मी उतरल्यावर वाचली. उतरल्यावर बराच वेळ तिथेच पडून होतो, त्यामुळे वाचायला सवड होती.) हंगाम संपायला थोडेच दिवस उरलेत, तेवढं रेटू म्हणून मी जुन्या ट्यूबचं रबर घेतलं, नळीला घट्ट गुंडाळलं आणि वरून काळी चिकटपट्टी मारली. झालं ते एवढंच. बाकी सगळं लोकांनी केलं.

मामा, तुम्हाला इथली रीत माहीत असायचं कारण नाही. या भागात निम्मी माणसं सायकली चालवतात आणि उरलेली निम्मी पुढच्या वर्षी कुठली सायकल येणार यावर बोलतात. कंपन्या नवीन सायकल बाजारात आणायच्या आधी ती इथल्या डोंगरात आपल्या माणसांकडून आपटून घेतात. जो भाग गुपित असतो तो काळ्या कापडात गुंडाळतात, आणि त्या माणसांकडून लिहून घेतात की आत काय आहे ते बायकोलाही सांगायचं नाही. आता रस्त्यात कोणी विचारणारच, 'आत काय रे?' खोटं काय बोलायचं म्हणून कधीतरी कोणीतरी सांगितलं, 'काही नाही, तडा गेलाय.' ते इतकं सोयीचं पडलं की आता सगळेच तसं म्हणतात. म्हणजे इथे 'तडा गेलाय' याचा अर्थ 'आत फार मोठं काहीतरी आहे, पण माझी नोकरी जाईल' असा होतो. हे मला ठाऊक होतं. तरी मी व्हिसलरला, डोंगरावर नेणाऱ्या रोपवेच्या रांगेत उभा असताना एका चष्मेवाल्याने जेव्हा माझ्या सायकलीकडे बोट दाखवून विचारलं, तेव्हा मी खरं तेच सांगितलं.

तो नुसता हसला. म्हणाला, "हो का. बरं. शाबास." आणि फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी तो फोटो सगळीकडे. डर्कच्या दुकानात (सायकली दुरुस्त करतो, कॉफी फुकट पाजतो, त्यामुळे गावातलं सगळं मत तिथेच तयार होतं) लोक तो मोठा करून बघत होते. एक म्हणाला, आत गिअरची पेटी आहे, मागचं लोंबतं गिअर आता गेलंच समजा. दुसरा म्हणाला, पेटी नाही, धक्का खाणारी स्प्रिंग नळीतच घातलीय. तिसऱ्याला वाटलं बॅटरी. एकाने सायकल वापरायची सोडूनच दिली आहे, कारण दर वर्षी त्याला वाटतं की पुढच्या वर्षी चाकाचं माप बदलणार, मग आता कशाला घ्यायची. गेली कित्येक वर्षं तो चालत येतो आणि मत देऊन चालत जातो. तो म्हणाला, "मी म्हटलं नव्हतं?" काय म्हटलं होतं ते कोणी विचारलं नाही. डर्क माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "राजा, मला नको सांगूस. मी पचवू शकणार नाही. फक्त एवढं सांग, हॅन्डल परत आखूड होणार की नाही?" मी म्हटलं, डर्क, ही माझ्या मामांनी केलेली सायकल आहे, हिला ट्रॅक्टरचा हिरवा रंग आहे, गेल्या वर्षी तूच हिची चेन बदललीस. तो म्हणाला, "वा, रंगसुद्धा तोच दिला त्यांनी."

इथपर्यंत मलाही मजा वाटली, खोटं कशाला सांगू. दोघाजणांनी मला केक खाऊ घातले. (केक नव्हे, तव्यावरचे जाड, वर मेपलचा पाक घातलेले, तुम्ही रविवारी करता तसले. भूक लागली की मला शब्द आठवत नाहीत.) दुखणं पुढे आहे.

माझी व्हॅन जिच्या अंगणात उभी असते ती इग्नासिया. चिलीची आहे, तिकडच्या दक्षिण टोकाकडची, माझ्यापेक्षा थोडी मोठी आणि दहापट शहाणी. (आई विचारते तसलं काही नाही. ती मला अंघोळीला न्हाणीघर वापरू देते आणि मी तिच्या दारातला पाला काढतो, इतकंच आमचं नातं.) ती केटलरॉक नावाच्या कंपनीत गुपित सायकली चालवून बघायचं काम करते. तिला या देशात राहायची परवानगी त्या नोकरीवरच मिळालीय. नोकरी गेली की परवानगी गेली, आणि परवानगी गेली की ती गेली. आणि माझ्या सायकलीच्या त्या फोटोखाली कोणीतरी लिहिलं की या पोराची व्हॅन कुणाच्या अंगणात असते ते बघा.

लोकांच्या अंदाजांपैकी एखादा बहुतेक नेमका बसला असावा. कंपनी खरंच तसलं काहीतरी करत असणार, तिथेच, त्याच नळीत. कुठला अंदाज ते मला माहीत नाही, इग्नासियाने मला आजवर तिच्या सायकलीचा रंगसुद्धा सांगितलेला नाही. पण गुपित तिनेच माझ्यापर्यंत पोचवलं असं धरून कंपनीने तिला बोलावलं, तिची सायकल ठेवून घेतली आणि सांगितलं की चौकशी होईपर्यंत घरी बस. काढलेलं नाही. काढलं तर लोक म्हणतील, म्हणजे खरंच होतं. कामावर घेतलेलंही नाही. घेतलं तर लोक म्हणतील, म्हणजे दडपलं. त्यामुळे ती स्वयंपाकघरात बसून पाव भाजते. इतके पाव कोणीही खाऊ शकत नाही, मीसुद्धा नाही. मी म्हटलं, मी सगळीकडे जाऊन खरं सांगतो. ती पीठ मळत म्हणाली, "टॅव्ह, तू आता बोलू नकोस रे. तू तोंड उघडलंस की माझी एक बॅग भरून होते."

पण गप्प बसणं मला जमत नाही, तुम्हाला माहीत आहे. मी सायकल घेऊन केटलरॉकच्या हॉलिस नावाच्या माणसाकडे गेलो. नवीन सायकली काढणारा मुख्य तोच. शांत माणूस आहे, सर्दी झालेली होती. मी त्याच्यासमोर पट्टी सोडली, रबर सोडलं, म्हटलं, बघा, तडा. त्याने वाकून बघितलं, नखाने चाचपलं आणि म्हणाला, "तडा खरा आहे." मला रडू यायचं बाकी राहिलं. मग तो म्हणाला, "पण इतकी जाड नळी? शहाणा माणूस एवढी जाड नळी सायकलीला उगाच घालेल?"

मी म्हटलं, माझ्या मामांनी घातलीय.

"मामा काय करतात?"

"धान्य वाहायचे ट्रेलर करायचे. आता सोडलं."

"कधी सोडलं?"

"सायकल केली त्याच हिवाळ्यात."

हे मी बोलायला नको होतं. त्याने शेजारच्या माणसाकडे बघितलं, शेजारच्याने लिहून घेतलं. मामा, माफ करा, पण आता इथे असं बोललं जातंय की सस्कॅचवानमधली एक ट्रेलरची कंपनी सायकलीत उतरतेय आणि तिने केटलरॉकचं गुपित फोडून घेतलंय. तुमच्याकडे कोणी चौकशी करत आलं तर 'मला काही माहीत नाही' असं कृपा करून म्हणू नका. चहा द्या, शेड दाखवा, गुडघ्याविषयी बोला. गुडघ्याविषयी भरपूर बोला.

इग्नासियाला आता कंपनीच्या वकिलाने बोलावलंय. ती कपाट आवरतेय. माझ्याशी नीट बोलते, त्याने जास्त वाईट वाटतं. परवा तिने मला तिचा पावसाळी कोट देऊ केला, तुला इथे लागेल म्हणून. मी घेतला नाही. बाहेर येऊन व्हॅनमध्ये बसलो आणि बराच वेळ छत कुठून गळतंय ते बघत बसलो.

असो. ग्वेनमामींना नमस्कार सांगावा. आईला यातलं काही सांगू नये. प्रकृतीला जपावं.

तुमचा भाचा,
टॅव्हिश

ता. क. मुद्दा राहिला. सायकल उघडून दाखवल्याशिवाय हे मिटणार नाही, आणि तडा दाखवून भागत नाही हे कळलं. नळी कापायला लागेल. एकच कापली तर म्हणतील दुसरीत आहे, म्हणून सगळ्या. डर्कच्या अंगणात, सगळ्यांसमोर, हॉलिसलाही बोलावून. तुम्ही ती केली त्या हिवाळ्यात मी शेडमध्ये बसून नुसता बडबड करत होतो आणि तुम्ही मधूनमधून चष्मा वर करून 'बरं, बरं' म्हणत होतात, ते मला आठवतं. त्यानंतर तुम्ही शेडमध्ये काहीच बनवलं नाहीत हेही माहीत आहे. म्हणून विचारतोय. कापू का? नाही म्हणालात तर मी समजून घेईन. इग्नासियाला काय सांगायचं ते बघेन.

ता. क. दुसरा. पत्र टाकायचं राहिलं. वकिलाची तारीख आधी आली, म्हणून आज सकाळी कापली. डर्कने करवत दिली आणि दोन पाती मोडली. (तुमच्या नळीने मोडली, जोडापाशी तर करवत फिरेना. हे तुम्हाला कळावं असं वाटलं.) आतून गंजाची भुकटी निघाली, गांधीलमाशीचं सुकलेलं मातीचं घर निघालं आणि थोडे गव्हाचे दाणे. हॉलिसने दाणे तळहातावर घेऊन बघितले, मग नळीत बोट घालून बघितलं, मग नाक पुसलं आणि इग्नासियाला म्हणाला, "सोमवारी ये." बस, एवढंच. ती त्याला हो म्हणाली आणि घरी जाऊन तिने कपाटात कपडे परत लावले. तिला सगळे कपडे लावायला पुष्कळ वेळ लागला.

लोकांचं म्हणाल तर कापलेल्या तोंडांचे फोटो निघालेत आणि डर्कच्या दुकानात आता असं मत आहे की पुढच्या वर्षी जाड नळ्या परत येणार.

तुकडे मी पोत्यात भरून व्हॅनमध्ये ठेवलेत. त्यांचं काय करायचं ते तुम्ही सांगा. वरचा ता. क. फाडून टाकणार होतो, आता ते विचारून उपयोग नाही. पण तुम्ही हो म्हणाला असतात असं मला वाटत राहावं, म्हणून तसाच राहू दिलाय. उत्तर त्याचंच लिहा.