गच्चीला कठडा का नाही?

चि. धाकट्यास,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. ते नेहमीएवढेच आहेत, फक्त या खेपेला दातओठ खाऊन दिलेत असं समज. पाठ कशी आहे? सर्दी गेली का? (गेली असेल तर बरंच, कारण पुढचं वाचून तुला घाम फुटणार आहे.) आम्ही इकडे खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे. मी खुशाल नाही. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर, दिव्याखाली, काळ्या कापडावर काळा दोरा चालवते आहे आणि दोनदा बोटात सुई घुसली आहे. हे सगळं तुझ्यामुळे.

वरची खोली भाडेकरूने सोडली, हे तुला ठाऊक आहे. त्या खोलीला ती मोठी खिडकी. मला शिवणाला उजेड हवा आणि आमच्या वन्संना कवळ्या घडवायला उजेड हवा. (दातांचे डॉक्टर माप पाठवतात, वन्सं घरी बसून दात बसवतात. हात सोन्याचा आहे, ते मी नाकारत नाही.) पंधरा दिवस आम्ही दोघी एकमेकींशी फार गोड बोललो, म्हणजे प्रकरण किती हाताबाहेर गेलं होतं ते बघ. शेवटी हे म्हणाले, रोज चहानंतर धाकट्याच्या कंपनीच्या त्या मारामारीच्या व्हिडिओ गेममध्ये एकमेकींना बडवताच, तर खोलीचा निकालही तिथेच लावा. तीन लढती, दोन जिंकेल तिची खोली.

पहिली लढत गोदामात झाली. त्या गोदामाला चांगल्या चार भिंती आहेत. माझा खेळ म्हणजे समोरच्याला भिंतीशी नेऊन दाबायचं आणि श्वास घेऊ द्यायचा नाही. वन्संना कोपऱ्यात असं धरलं की त्यांनी कंट्रोलरच मांडीवर ठेवला. दुसरी लढत मोकळ्या मैदानात. तिथे टेकवायला भिंतच नाही, त्या लांब लांब पळत राहिल्या आणि दुरून मारत राहिल्या. त्यांची सरशी झाली, ठीक आहे.

तिसरी लागली ती तू रचलेल्या गच्चीवर. आता मला सांग, कोणत्या शहाण्याने हा नकाशा मंजूर केला? गच्चीला कठडा नाही! लहान मुलं नसतील तिथे, पण माणसं तरी आहेत ना? काठावरून पाय गेला की लढत संपली, अंगात कितीही जोर शिल्लक असो. त्यात मागे वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरी फडफडतात आणि वन्संचा गडी पांढऱ्या कपड्यांतला. त्याची लाथ कोणती आणि चादर कोणती, कळायला मार्ग नाही. (वन्संना सगळं दिसत होतं. दिवसभर पांढऱ्यात पांढरं शोधण्याचाच त्यांचा धंदा.)

पण तेही मी चालवून घेतलं असतं. मी खेळते फरश्या मोजून. माझ्या गड्याची लाथ अडीच फरश्या जाते आणि मागे उडी मारली तर दोन फरश्या लागतात. बाकी सगळ्या स्टेजवर हे माप चोख बसतं. वन्संमध्ये आता जीव उरला नव्हता, एक फटका बसला की खोली माझी. त्यांनी लाथ उचलली, मी मागे पाहिलं, तीन फरश्या शिल्लक. निर्धास्त उडी मारली आणि थेट खाली गेले! काठाशी तू तुकडे लावलेस, धाकट्या. तीन तुकडे मिळून दीड फरशीसुद्धा भरत नाही. नजरेने पाव इंच सांगणारी बाई मी, सगळ्या घरादेखत छतावरून पडले.

फोनवर तू मला ऐकवलंस की खऱ्या गच्चीलाही काठाशी कापलेल्याच फरश्या बसवतात. बसवत असतील! खऱ्या गच्चीवर लोक पापड वाळवायला जातात, खोलीसाठी लाथा मारायला नाही. वन्सं काल वर राहायला गेल्या. खिडकीत चार कवळ्या मांडल्यात, मी जिन्यातून गेले की हसतात.

तब्येतीला जप.

तुझी (नाइलाजाने) ताई

ता.क. पहिल्या तारखेला परतीची लढत ठरली आहे. तोवर उजव्या काठाच्या फरश्या तेवढ्या सारख्या कर. डाव्या काठाला हात लावू नकोस, वन्सं डावीकडे उभ्या राहतात. हे कुठे बोलू नकोस.

ता.क. दुसरा. तिसऱ्या लढतीचं स्टेज कोणी निवडलं, असं तू विचारशीलच. नाणेफेक मी जिंकले होते. गोदाम घेतलं असतं तर आज खिडकीत बसले असते, असं हे मला दिवसातून तीनदा सांगतात. पण गच्चीवर लढत झाली की शेवटी ती रचणाऱ्याचं नाव येतं आणि वन्संनी ते अजून पाहिलं नव्हतं. मी पडल्यावर आलं. आम्ही दोघी उठून पडद्याशी गेलो तेव्हा कुठे वाचता आलं. एवढं बारीक का लिहितात रे माझ्या भावाचं नाव? तिथल्या साहेबांना सांग मोठं करायला, नाहीतर मी स्वतः येऊन त्यांची खरडपट्टी काढीन.