फुगलेली बॅटरी

वसमत, २५ जानेवारी २००९, रविवार

डोकं अजून तापलेलंच आहे. भावानं हैदराबादहून त्याचं वापरलेलं रिमोटचं विमान पाठवलंय. उद्याच्या तयारीसाठी आज सुट्टीच्या दिवशीही शाळेत गेले, तिथं त्याची तीन सेलांची बॅटरी तपासली. मधल्या सेलचं व्होल्टेज बाकी दोन्हींपेक्षा फारच खाली. टेबलावर ठेवून बोट लावलं तर भोवऱ्यासारखी फिरली. चांगली बॅटरी सपाट बसते; ही पोटातून फुगलीय. उद्या झेंडावंदनानंतर हिच्यावर विमान उडवायचं, लेकरांच्या डोक्यावरून? न्हाई.

हेडसरांना तसं सांगून परत आले तर टेबल रिकामं! शिपाई किसनमामांनी बॅटरी पत्र्यावर उन्हात ठेवलेली. "टॉर्चचे सेल आमी असेच तापवतो मॅडम, दोन दिस बराबर चालतेत." त्यांच्यावर काय रागावणार? माझे बाबाही रेडिओचे सेल असेच उन्हात ठेवायचे. पण ही तापली तर पेटते, मामा. उतरवली, वाळूच्या बादलीत ठेवली, बादली मैदानाच्या पार टोकाला नेली.

हेडसर तिथंही आले. "एवढीशी तर फुगलीय. पाच मिनिटं उडवा, कोणाला कळतंय? पाहुण्यांना सांगून बसलोय मी."

मला कळतंय ना! भोवऱ्यासारखी फिरली ती, माझ्या डोळ्यांसमोर. घाबरट म्हणाले मला. म्हणोत.

"मग उद्या दाखवणार काय?"

"हीच दाखवीन, बादलीसकट," म्हटलं. "आन् विमान काहून उडालं न्हाई, ते तुमच्या पाहुण्यांसमोरच लेकरांना सांगीन."