मदत लागते का?

६ जाने., सोमवार
दुपारी मेधाचा फोन. माझीच मुलगी, पण बोलते हेडमास्तरीण असल्यासारखी. आई, बहात्तर झाली, एकटी राहतेस, रोह्याला ये. नेहमीचं. माझंही नेहमीचं: पेण सोडणार नाही. मग नवीन काढलं. कुठल्याशा कॉलेजचा अभ्यास चाललाय. धडधाकट म्हातारे रोजची कामं आपली आपण करतात का, ते घरी येऊन बघतात. माझं नाव देऊनही टाकलं. न विचारता! अट अशी: निकाल चांगला आला तर ती रोह्याचं नाव पुन्हा काढणार नाही. वाईट आला तर होळीआधी सामान हलवायचं.
म्हटलं, कबूल. सदतीस वर्षं दुसऱ्यांचे पेपर तपासले, आता आपला देऊ.

९ जाने.
तपासणारी पोरगी आली. प्रणाली. सकाळच्या गाडीने रोह्याहून. आल्या आल्या "आजी". म्हटलं, आजी तुझ्या घरी, इथे बाई म्हण. हसली. बरी आहे.
फोन, बाजार, औषधं, स्वयंपाक, बँक, एकटीने प्रवास. प्रत्येकाच्या मागे तेच शेपूट, मदत लागते का? सगळ्याला नाही म्हटलं. गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख वाचायला दिली, चष्म्याशिवाय वाचली. उगाच शान मारली.
मग म्हणते, हेच प्रश्न जवळच्या माणसालाही विचारायचे असतात, तुमच्या माघारी. मेधा चालेल? नाही, ती महिन्यातून एकदा येते. रोज बघणारं माणूस हवं. रोज बघणारी म्हणजे हिरा. खाडीकडच्या गावातून येते, अकरा वर्षं झाली. धुणंभांडी, केरलादी आणि अखंड बडबड.
दोघी स्वयंपाकघरात, मी गॅलरीत. खालच्या कारखान्यात गणपती वाळत घातलेले. जानेवारीतच.

१४ जाने.
संक्रांत. हिराला तिळगूळ. तिने पिशवीभर वालाच्या शेंगा आणल्या. सोलत बसलो.

१६ जाने.
प्रणालीचा फोन. चाचरत होती. "बाई, दोघींच्या उत्तरांत खूपच फरक पडतोय." किती? तर सगळ्यात! हिराने प्रत्येक प्रश्नाला "व्हय, लागते की" सांगितलंय. मला फोन लावायला मदत लागते. बँकेत मदत लागते. रोह्याची एसटी पकडायला मदत लागते.
पित्त खवळलं. जेवण गेलं नाही.

१७ जाने.
हिराला उंबऱ्यातच धरलं. "काय गो, मला फोन लावता येत नाही?"
"येतो की."
"मग लागते का सांगितलंस?"
"नाय लागत बोलले असते तर माजं काम गेलं असतं ना बाई!"
अर्धा मिनिट कळलंच नाही. मग उजेड पडला. आमच्या बिल्डिंगीत कोणी कामवाली म्हणत नाही, मदत म्हणतात. "तुमच्याकडे मदतीला कोण येतं?" "पुढच्या महिन्यापासून मदत नको." तिला वाटलं, मेधाने माणूस पाठवलाय, हिरा ठेवायची की काढायची ते विचारायला. तिने आपली नोकरी वाचवली.
खूप हसले. मग समजावलं, मदत लागते असं ठरलं तर मेधा मला रोह्याला नेणार.
"म्हणजे व्हय बोला नाय बोला, माजं काम जाणारच?" म्हणाली.

२१ जाने., मंगळ
प्रणाली पुन्हा आली. तिलाही मदतीची गोष्ट सांगितली, बिचारी कपाळाला हात लावून बसली. फॉर्म नवा. पुन्हा दोघी आत, मी बाहेर, पण या वेळी दार ओढून घेतलं नाही. चोरून ऐकायची वाईट सवय, शाळेतली.
हिरा पाढे म्हटल्यासारखी: नाय लागत, नाय लागत, नाय लागत. स्वयंपाक आणि गॅसपाशी थांबली. मग, "नाय... लागत."
वर्गात असं थांबलेलं पोर मी पाठमोरी असतानाही ओळखायची.

२२ जाने.
विचारलं. भांडी घासत राहिली.
"बंद करते मी."
"काय?"
"गॅस. सकाली येते तवा कधी कधी बारीक पेटलेला असतो. वर कायबी नसतं."
कधीपासून? गणपतीपासून. किती वेळा? मोजलं नाय.
"मग मला सांगितलं का नाहीस?"
"तुमी घाबरल्या असत्या."
ओरडले तिच्यावर. माझ्या घरात माझ्यापासून लपवतेस, वगैरे. तीही उलट बोलली, "सांगतलं असतं तर ताईंना फोन केला असतात तुमीच!"
ती गेल्यावर शेगडीसमोर उभी राहिले. भीती वाटली.

२३ जाने.
हिराला ताकीद. शेगडीला हात लावायचा नाही, फक्त बघायचं आणि मला सांगायचं. स्वतःची परीक्षा स्वतःच घेते.

२४, २५
बंद. बंद. मनात म्हटलं, हिरा फुगवून सांगते.

२७ जाने., सोम
सकाळी चहा घेऊन गॅलरीत गेले. पेपर वाचला, शब्दकोडं संपवलं. हिरा येऊन मागे उभी, "बाई, गॅस बघा." आत गेले. निळी ज्योत, वर काही नाही. बंद केल्याचं मला अगदी आठवत होतं. बटण फिरवल्याचंसुद्धा आठवत होतं. तेच वाईट.

३० जाने., गुरु
प्रणाली सहीसाठी आली. खुशीत. "बाई, तुमचं फार छान आलंय." सगळ्या रकान्यांत नाही, नाही, नाही. खाली सही केली की पेण माझं.
हिरा दाराशी, फडकं पिळत. माझ्याकडे बघत नव्हती.
पेन घेतलं. गॅसच्या ओळीतलं नाही खोडलं, वर लिहिलं: लागते. प्रणाली म्हणाली, नक्की ना बाई? म्हटलं, माहीत असून चुकीच्या उत्तराला बरोबरची खूण मी कधी केली नाही. मग सही केली.

३१ जाने.
मेधाला मीच सांगितलं. गॅस, हिरा, सोमवार, सगळं. ती ओरडेल वाटलं होतं. ओरडली नाही. मग, "रविवारी येते." फोन ठेवला.
हिराने विचारलं, काय बोलल्या ताई?
"रविवारी येते म्हणाली."
"न्यायला?"
"विचारलं नाही." धीरच झाला नाही, हे नाही सांगितलं.
हिराने लादी पुसून संपवली, बादली ओतली, चपला घातल्या. रविवारी तिची सुट्टी असते.
"मंग रविवारी मी पण येते," म्हणाली.