स्क्रूंच्या डबीतल्या गोळ्या

अहो,

बाबांना दवाखान्यात नेतेय. तुमचा फोन लागत नाही. त्यांची लघवी अडलीय, अंग तव्यासारखं तापलंय. सुनेला कसं सांगायचं, म्हणून बिचारे ओठ मिटून जळजळ सोसत राहिले.

लघवीचा रिपोर्ट आलाय. डॉक्टर फोनवर म्हणाले, "हे जंतू एकाही गोळीला दाद देत नाहीत. सलाईनमधून एक औषध देऊन बघू." लगेच घेऊन या, म्हणाले.

घड्याळदुरुस्तीतले उरलेसुरले स्क्रू बाबा ज्या डबीत जपतात, तिच्यातच उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्याही जपल्यात. जरा बरं वाटलं की बंद, पुन्हा दुखलं की दोन. मारायला गेले आणि जंतूंना तालीमच देत बसले. रागावू तरी कशी? जन्मभर ज्यांनी एक स्क्रू वाया घालवला नाही, त्यांच्यावर?

जेवण झाकून ठेवलंय. येताना त्यांचा चष्मा आणा.

आत्ता दाराशी त्यांना चपला घालत होते, तर कण्हत म्हणाले, "सूनबाई, डबीतल्या गोळ्या टाकू नकोस हं. माझ्या पोराला कधी लागल्या तर असू देत."

मला नाही म्हणवलं नाही.