जीप भरेपर्यंत मुदत मिळण्याबाबत

प्रति,
मा. समन्वयक मॅडम,
छोट्या स्वतंत्र व्हिडिओ गेम निर्मात्यांसाठी साहाय्य योजना,
गोदाकाठ विद्यापीठ, नाशिक.

विषय : 'भरली की सुटली' हा गेम बंद पडलेला नसून थांबलेला आहे, सबब अर्जदाराचे नाव योजनेतून कमी न करणेबाबत.

संदर्भ : मूल्यमापन समितीचा शेरा, 'गेम सुरूच होत नाही.'

महोदया,

सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार नवनाथ भाबड, राहणार सिन्नर, याची आपल्या योजनेत गेल्या वर्षी निवड झाली. विद्यापीठाने त्याला टेबल, खुर्ची आणि गेम चालवण्यासाठी एक संगणक दिला. पैकी खुर्चीचा वापर त्याने पुरेपूर केला, याबद्दल कोणाचीही तक्रार नाही.

अर्जदाराचे वडील खंडेराव हे सिन्नर ते नाशिक रोड काळी-पिवळी जीप चालवीत. जीप भरल्याशिवाय सुटत नसे. सुट्टीच्या दिवसांत मागच्या दारात लटकून हाका मारण्याचे काम अर्जदाराकडे असे. त्या थांबण्याचा त्याला इतका वीट आला की तो कॉम्प्युटर शिकला. शिकून सवरून, डोळ्यांत तेल घालून, त्याने तोच वीट जसाच्या तसा पडद्यावर आणला. योजनेच्या माहितीपत्रकात यास 'नवकल्पना' म्हटले आहे.

सदर गेममध्ये जीप स्टँडवर उभी असते. ड्रायव्हर सोडून बसायला दहा जागा आहेत आणि प्रत्येक जागेवर खराखुरा माणूस आपापल्या मोबाइलवरून येऊन बसावा लागतो. दहाही भरल्या की जीप सुटते. तोवर प्रवाशाला खिडकी उघडता येते, 'सरकून घ्या' हे बटण दाबता येते आणि 'निघायचं का?' असे विचारता येते. ड्रायव्हरला एकच उत्तर दिलेले आहे : 'भरू द्या.' आपल्यासह समितीचे तिन्ही सदस्य बसले, बराच वेळ बसले. तज्ज्ञ सरांनी पुढे काय होते असे विचारले. अर्जदाराने 'सर, भरली की सुटते' असे खरे उत्तर दिले. त्यावर सर उतरले, जीपमधून आणि पाठोपाठ हॉलमधूनही. दुसरे सर त्यांच्या मागोमाग गेले.

नम्रपणे निदर्शनास आणून देण्यात येते की, गेम सुरूच होता. जीप भरली नव्हती.

चार माणसांवर गाडी सोडावी, अशी सूचना शेऱ्यात आहे. अर्जदाराने ती वडिलांपुढे ठेवली. त्यांचे उत्तर जसेच्या तसे देत आहे : "आर्धी गाडी काढू? डिझेल काय तुझं विद्यापीठ टाकीन?" गेममध्ये डिझेल लागत नाही असे सांगितल्यावर ते म्हणाले, "मंग तर लयच वाईट. फुकाटचं हाय म्हणून जाळायचं का?" सबब सदर सूचना अमलात आणता आलेली नाही.

योजनेतील सहकारी मनाली, जिचा रणगाड्यांचा गेम देवळाली कॅम्पातली मुले आवडीने खेळतात, तिनेही बसून पाहिले. 'बसून बसून पाय आखडले' असा लेखी अभिप्राय तिने दिला. पडद्यावरच्या जीपमध्ये बसून खऱ्या माणसाचे पाय आखडावेत, ही अर्जदार आपल्या आयुष्यातली सर्वांत मोठी शाबासकी समजतो. मात्र शाबासकी देऊन ती उतरली. बाकी मित्रांना अर्जदाराने इतक्या हाका मारल्या की ते आता त्याचा फोनच उचलत नाहीत.

हे सर्व हसण्यावारी नेता आले असते. परंतु वडिलांना आता कमी दिसते. गेल्या दिवाळीत जीप विकली. तेव्हापासून ते ओट्यावर बसून असत, कोणाशी धड बोलत नसत. गेम तयार झाल्यापासून रोज सकाळी चहा झाला की मोबाइल अगदी डोळ्यांजवळ धरून ड्रायव्हरच्या जागेवर बसतात आणि विचारतात, "किती शिटा झाल्या रे?" वाटेतल्या मोहदरी घाटाचे एकेक वळण अर्जदाराने त्यांना विचारून काढले आहे, दुसरा गिअर कुठे टाकायचा आणि हॉर्न कुठे द्यायचा इथपर्यंत. पडद्यावरचा तो रस्ता आजवर त्यांनी किंवा कोणीच पाहिलेला नाही, कारण जीप स्टँडवरून हललेलीच नाही. विद्यापीठाचा संगणक बंद झाला की हीही जीप जाईल. एक घरच्यांनी विकली, दुसरी कशी गेली हे त्यांना सांगायची अर्जदाराची हिंमत नाही. त्याला खरोखर भीती वाटते.

सध्या आई साळूबाई, बहीण निकिता, मावसभाऊ संतोष आणि त्याच्या वर्कशॉपमधली मंडळी धरून नऊ जागा भरतात. येत्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता हे सर्व जण बसणार आहेत. अर्जदार मागच्या दारात उभा असल्याने नियमाप्रमाणे त्याला जागा नाही, आणि हा नियम करणारा शहाणाही तोच आहे.

सबब विनंती की, तोवर नाव कमी करू नये. तसेच, त्या दिवशी दोन्ही सर उतरल्यावरही आपण जागेवर होता आणि कोणी न सांगता दोनदा 'सरकून घ्या' दाबलेत, हे अर्जदाराने पाहिले आहे. खिडकीची दहावी जागा राखून ठेवली आहे. वडील रविवारीही विचारतील. त्यांना 'भरली' एवढेच सांगण्याची परवानगी मिळावी.

आपला नम्र, मागच्या दारात उभा,
(सही)
नवनाथ खंडेराव भाबड
सिन्नर, जि. नाशिक
दिनांक : ९ जून २०२५

सोबत : समितीच्या शेऱ्याची प्रत, मनालीचा अभिप्राय, रविवारच्या गाडीची लिंक.